कॅमेऱ्याला कुंकू

उत्तम पहिल्यांदा दिसला तो वाफेतून. डोंबिवलीच्या आमच्या वर्कशॉपच्या दारात हा उंच पोरगा वाफा सोडणारा कॅन धरून उभा… मला वाटलं, नवीन चहावाला!

"दोन कटिंग दे रे," मी म्हटलं.

"अगं, लिक्विड नायट्रोजन आहे. ओठ गळून पडतील तुझे." आणि असा हसला — मेलेच मी.

चौऱ्याण्णव साल होतं. मी तिथं दुर्बिणीच्या कॅमेऱ्याची हवाबंद डबी जोडायची. उत्तम एका संशोधन संस्थेतून आलेला, त्या डबीत इन्फ्रारेड सेन्सर बसवायला.

"हवेमुळे तारे थरथरतात," तो सांगायचा. "हा सेकंदाला शेकडो फोटो काढणार. ते बघून दुर्बिणीचा आरसा वाकणार, मग तारा स्थिर दिसणार."

"पण नायट्रोजन ओतून एवढा थंड कशाला करायचा?"

"गरम झाला की फोटोत नुसती खरखर. तू जवळ आलीस की माझ्या डोक्यात होते तशी."

"चल, काहीतरीच!" त्या दिवशी माझे तीन स्क्रू वाकडे बसले.

दसऱ्याला आम्ही सगळ्या मशिनींची पूजा केली. उत्तम जेवायला गेलेला. प्रत्येक लेथला झेंडूचा हार, आणि याचाच कॅमेरा सुना? मला राहवेना. झाकण उचललं, आत कुंकवाचं बोट टेकवलं, हात जोडले — याचं भलं होऊ दे. अक्कल गहाण टाकलेली, दुसरं काय!

कुंकू सेन्सरवर सांडलं. उत्तम परतला, माझं लाल बोट बघून काय ते समजला. साफ करायला गेला, तर केसाहून बारीक तारा तुटल्या. दोन वर्षं वाट बघून परदेशातून आलेला एकुलता एक सेन्सर होता तो.

उत्तमच्या संस्थेचे साहेब चौकशीला आले. "झाकण कोणी उघडलं?"

उत्तमनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

"मीच उघडं ठेवलेलं, सर," तो म्हणाला.

त्याची नोकरी गेली.

आठवड्यानं मी शहाडला त्याच्या खोलीवर गेले. ट्रंक भरून तयार. तो गावी निघालेला.

"मी उद्या साहेबांना खरं सांगते," मी रडत म्हटलं. "आणि… माझं प्रेम आहे रे तुझ्यावर."

"माझंही आहे." तो दोरी आवळत राहिला. "पण आता सांगून काय? माझ्या जागी दुसरा आला."

"मग मी काय करू?"

"काही नको. त्या दिवशीही तुला मी बोलू दिलं नसतं, मंजुळा. फक्त… तू बोलायला उठशील, असं वाटलेलं मला."

ट्रंक उचलून तो जिना उतरला. हाक मारायचा हक्क उरला नव्हता, तरी मी मारली. तो थांबला नाही.