डाव्या डोळ्यातलं धुकं

पहिल्याच भेटीत शिंपीण चुकीच्या स्टुलावर बसली. डोळ्यांच्या दवाखान्यातलं मशीन ते... एका बाजूला पेशंटनं हनुवटी टेकायची, दुसऱ्या बाजूनं डोळ्यांचे फोटो काढणाऱ्या फोटोवाल्यानं बघायचं. ही बसली त्याच्या जागी! आणि तोही असा, की मुकाट्यानं समोर जाऊन हनुवटी टेकून बसला. हिनं भिंगातून पाहिलं – परातीएवढा तपकिरी डोळा, आणि पापण्या इतक्या लांब, की वेणी घालावी!

"काही सापडलं?" त्यानं विचारलं.

"झोप राहिलीय तुमची."

"मग उठा. नोकरी माझी आहे."

झालं! पोरगी तिथेच कामातून गेली.

दम्याच्या गोळ्यांनी तिशीच्या आतच तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारून, सही घेऊन, एका डोळ्यात पाणी धरणाऱ्या प्लास्टिकची लेन्स बसवली, दुसऱ्यात पाणी झटकणाऱ्या. कुठल्या लेन्समागचा पातळ पापुद्र्यासारखा पडदा लवकर धुरकटतो, ते त्यांना बघायचं होतं. कुठली कुठे बसवलीय, हे ना हिला ठाऊक, ना फोटोवाल्याला. दर सहा महिन्यांनी फोटो. पडदा धुरकटला, की पाच मिनिटांचा लेसर... आणि फोटो बंद.

सहा महिने! वाट बघता बघता हिनं एका शर्टाला तीन बाह्या लावल्या. वहिनी म्हणायची, "वन्सं, तपासायचेत डोळे, मग नवे कानातले कशाला?"

दोन वर्षांनी, पाचव्या भेटीच्या आधी, डाव्या डोळ्यात धुकं उतरलं. दिव्यांना केस फुटले, सुईचं नाक दिसेना. हिनं काय करावं? तक्त्यावरची अक्षरं पाठ केली! आणि डाव्या डोळ्यानं शेवटची ओळ अशी घडाघडा म्हटली, की नर्सनं टाळ्या तेवढ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या.

फोटोवाल्यानं फोटो काढला आणि नर्सनं लिहिलेला कागद पुन्हा पाहिला.

"शेवटची ओळ वाचलीत?"

"वाचली की."

"एवढ्या धुक्यातून?"

ती चुळबुळली. "पाठ केली."

"का?"

"का म्हणजे?... लेसर झाल्यावर मला इथे कोण बोलावणार?"

त्याचे कान लालबुंद झाले. तरी तो हळूच म्हणाला, "हा फोटो डॉक्टरीणबाईंपासून दडवला, तर उद्या कुणाच्या तरी आईला चुकीची लेन्स बसेल. आणि तुमचा डोळा..."

"कळलं. पाठवा. पण पाठवताना माझ्याकडे बघू नका."

त्यानं बटण दाबलं. खरंच बघितलं नाही.

लेसर झालासुद्धा. ती बाहेर आली, तर हा बाकावर बसलेला. अंगात दवाखान्याचा कोट नाही.

"पुढची तारीख?" माहीत असून तिनं विचारलं.

"नाही. तपासणीच्या यादीतून नाव काढलं तुमचं."

"भारीच घाई हो तुम्हाला!"

"होतीच. यादीतल्या पेशंटना बाहेर भेटायची आम्हाला मनाई. दोन वर्षं... तुमची तारीख जवळ आली, की मला जेवण जायचं नाही." तो उठून उभा राहिला. "आता तुम्ही पेशंट नाही. उद्या भेटाल?"

"उद्या नाही."

त्याचा चेहरा एवढासा झाला.

"आत्ता," ती म्हणाली. "खूप थांबले मी."

आणि तिनं त्याचा हात धरला. डोळ्यांत औषध घातलं होतं, धडपडू नये म्हणून धरला – असं ती अजूनही सगळ्यांना सांगते.