गिळलेली आरोळी

मी हॉलवर पोचले, तेव्हा माझ्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसून माझ्या साउंड मिक्सरशी बोलत होता. प्रेमाने. वाईट याचं वाटलं, की मिक्सर त्याचं ऐकत होता.

"ती खुर्ची माझी आहे."

"ओळखलं… खुर्चीवरचे कॉफीचे डाग तुमच्या बाहीवरही आहेत." तो उठला. भिवया जाड, हसू बारीक. "मी उलीसेस. आवाज आपोआप सांभाळणारं यंत्र बसवतो."

"आणि माणसं उठवता."

"आधी मलाच उठवलं. मोंतेरे शहरात मीही हेच करायचो. यंत्र आलं, नोकरी गेली. मग यंत्रवाल्यांकडेच राहिलो — घरजावई म्हणा ना!"

हसायचं नव्हतं. हसले.

एवढ्यात हॉलची मालकीण चायोकाकू आली. "नायेली, आजचं लग्न यंत्र बघेल. नीट पार पडलं, तर उद्यापासून तू मोकळी. वाईट वाटून घेऊ नकोस, जेवून जा."

आमच्या ग्वादालाहारात कामावरून काढतात, पण उपाशी काढत नाहीत.

मी मोलेच्या तिखट रश्श्याचं ताट मांडीवर घेऊन उलीसेसशेजारी बसले. पत्र्यावर दुपारचा पाऊस. मारियाची वादक वाजवायला लागले. गिटारी स्वच्छ, ट्रम्पेट मऊ, कुठे खरखर नाही.

"आवडलं?" त्याने हळूच विचारलं.

"दवाखान्यात वाजवतायत असं वाटतं."

त्याने माझ्या ताटातली तोर्तियाची पोळी उचलली. न विचारता. मीही हात झटकला नाही…

मग नवरीचे आजोबा, नाबोरआबा, माइक घेऊन मंचावर उभे राहिले. गाणं ऐन रंगात आलं, की घरातल्या थोरल्याने आरोळी ठोकायची. त्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. आबांनी छाती भरली, तोंड उघडलं — आणि स्पीकरमधून फक्त गाणं आलं, आरोळी नाहीच! यंत्राला ती स्पीकरची शिट्टी वाटली. त्याने ती सफाईने गिळली.

"आबांना झटका आला!" नवरी किंचाळली. दोन पाहुण्यांनी त्यांना आडवं केलं. "मी ठणठणीत आहे, गाढवांनो!" आबा माइकमध्ये ओरडत होते. यंत्राने तेही गिळलं.

उलीसेस टॅबलेट बडवत होता. पडद्यावर नम्रपणे लिहून आलं : 'गोंगाट दूर केला आहे.'

"नायेली…" त्याचा 'तुम्ही' कुठेतरी गळून पडला होता. "तुझ्या खुर्चीत तू बस."

मी ताट त्याच्या हातात दिलं, यंत्र बंद केलं, आबांच्या माइकचा आवाज वाढवणारा फेडर वर ढकलला आणि हाताने खूण केली — होऊ दे!

आबांनी अशी आरोळी ठोकली, की पाऊस दचकला. अख्खा हॉल उलटून ओरडला. नवरी रडली, चायोकाकू रडली, स्वयंपाकघरातून झाऱ्यांचा ठणठणाट आला.

"यंत्र राहू दे," काकू नाक पुसत म्हणाली, "पण नायेलीच्या हाताखाली. तिने चालू म्हटलं तर चालू."

"आणि मी?" उलीसेसने विचारलं.

"तुझं तिलाच विचार."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला… आरोळी कधी जमलीच नाही."

"घरजावयाला कशी जमेल?" मी म्हटलं.

त्याने माझं ताट खाली ठेवलं, सरळ मंचावर गेला आणि आबांच्या हातातून माइक घेतला. फेडर माझ्या बोटाखाली होता. खाली ओढला असता, तर बिचाऱ्याची अब्रू वाचली असती.

त्याने डोळे मिटले. आवाज निघाला, फाटला, कोंबड्यासारखा चिरकला — आणि शेवटी, हॉलभर, माझं नाव!

यंत्राने तो आवाज नक्की गिळला असता.

मी फेडर आणखी वर ढकलला.