रंगाच्या बादलीतलं लोणचं

"ज्योत्स्ना, कडी लाव. श्याम, तू गॅलरीत उभा राह. बाबांची गाडी दिसली की खोकायचं." असा हुकूम सोडून आचलने पलंगाखालची पांढरी बादली ओढली.

तिच्यात आईच्या हातचं लोणचं होतं. मागच्या उन्हाळ्यात सगळे अकोल्याला राहत असताना आईने ते घातलं, आणि ते मुरायच्या आतच तापाचं निमित्त होऊन आई गेली. मग बाबांची बदली अमरावतीला झाली आणि राजापेठेतल्या या घरी आईशिवायच सामान लागलं. बादली वर्षश्राद्धालाच उघडायची, असं बाबांनी बजावलं होतं. येणाऱ्या प्रत्येकाच्या पानात आईच्या हातची एकेक फोड वाढायची त्यांची इच्छा होती. वर्षश्राद्ध पुढच्याच आठवड्यात होतं, पण आचलला तेवढं थांबवेना.

तिने एक फोड तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली.

"काय झालं?" ज्योत्स्नाने विचारलं. ती त्यांची अकोल्याची शेजारीण, आचलच्याच वर्गातली. सुट्टीत चार दिवस राहायला आली होती.

"हे आईचं लोणचं नाही," आचल म्हणाली. "का मीच आईची चव विसरून गेली, ज्योत्स्ना?"

पहारा सोडून श्याम धावत आत आला. तो चौथीतला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्याला चोर दिसायचा. कोणीतरी आईचं लोणचं पळवून त्या जागी दुसरंच भरलं, असं त्याने जाहीर करून टाकलं. ज्योत्स्नाने पळीने लोणचं ढवळलं. सालासकट टाकलेल्या लसणाच्या पाकळ्या वर आल्या. असा लसूण फक्त काकू, म्हणजे आचलच्या आईच, घालायच्या, म्हणजे लोणचं तेच होतं. पण नाक जवळ नेलं की नव्या रंगवलेल्या भिंतीसारखा वास येत होता.

आता तिघांनी बादलीच न्याहाळली. कडेला फाटक्या लेबलाचा तुकडा चिकटून होता. सामान हलवायच्या आधी बाबांनी हे घर रंगवून घेतलं होतं, त्या रंगाचीच ती बादली होती. आईने लोणचं चिनी मातीच्या बरणीत घातलेलं, हे आचलला पक्कं आठवत होतं. ट्रकमध्ये बरणी फुटेल म्हणून बाबांनी लोणचं बादलीत काढलं असणार.

पण वास बादलीचाच, याची खात्री कशी करायची? तशीच एक रिकामी बादली गच्चीवर पडलेली होती. ज्योत्स्नाने ती साबणाने घासून घेतली, तिच्यात तेल, मीठ आणि लिंबाचा रस घातला. तेवढंच सगळं काचेच्या ग्लासात घातलं आणि दोन्ही झाकून उन्हात ठेवलं. अमरावतीच्या उन्हाने आपलं काम चोख केलं. ज्योत्स्नाच्या जायच्या दिवशी झाकणं काढली, तर ग्लासाला लिंबाचा वास होता आणि बादलीला तोच, रंगाचा.

"आमच्या घरी काकूंनी दिलेलं थोडं लोणचं अजून असेल," ज्योत्स्ना म्हणाली. "काचेच्या बरणीत हाये. चाखून पाह्य."

ज्योत्स्नाला सोडायला म्हणून आचल आणि श्याम तिच्याबरोबर अकोल्याच्या बसमध्ये बसले. बाबांनीच त्यांना बसवून दिलं, त्यामुळे त्यांच्यापासून सगळं लपवल्याचं आचलला वाटभर टोचत राहिलं.

ज्योत्स्नाची आई चतुराबाई. तिने फडताळातून बरणी काढली. तळाला थोड्याच फोडी उरल्या होत्या. तीही पुरवून पुरवून खात होती. आचलने जिभेवर मसाला ठेवला आणि ओट्याला टेकून हमसून हमसून रडू लागली. चतुराबाईने तिला जवळ घेतलं.

ज्योत्स्नाचे बाबा देवमनकाका शाळेत विज्ञान शिकवायचे. मुलांची गच्चीवरची हकीकत ऐकून त्यांनी पोरांची पाठ थोपटली. रंगाच्या बादलीचं प्लास्टिक खाण्याच्या वस्तूंसाठी केलेलंच नसतं, ते म्हणाले. त्यात रंगाचा अंश मुरलेला राहतो. तेल, मीठ आणि आंबट मिळून त्यातली द्रव्यं बाहेर ओढतात. एका फोडीने घाबरायचं कारण नव्हतं, पण ते लोणचं आता कोणाच्या पानात वाढण्यासारखं नव्हतं.

ते स्वतः मुलांना घेऊन अमरावतीला आले. चतुराबाईने काचेची बरणी आचलच्या हाती दिली होती.

बाबांना सगळं सांगितलं, तेव्हा ते आधी चिडले. "गरम पान्यानं धुतली व्हती मी ते बादली! तू तिले हात काहून लावला?"

आचलने बरणीचं झाकण उघडून त्यांच्यापुढे धरलं. बाबांनी वास घेतला. मग ते बादलीजवळ गेले आणि तिचाही वास घेतला. ते तिथेच जमिनीवर बसले.

"बरनी फुटली असती तं सगळंच गेलं असतं, असं वाटलं मले," ते म्हणाले. "जपता जपता मीच नासवलं."

देवमनकाका त्यांच्याजवळ खाली बसले. "वामनराव, आपन सगळेच असे डबे वापरतो," एवढंच म्हणाले. संध्याकाळी बाबांनी स्वतःच्या हाताने बादली रिकामी केली. मदतीला त्यांनी कोणालाही येऊ दिलं नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी बरणीतलं लोणचं सगळ्यांना पुरणार नव्हतंच. बाबांनी प्रत्येक पानात बोटभर मसाला वाढला आणि शेवटची फोड आचलच्या पानात ठेवली. जमलेल्या मंडळींना मुलांनी काय शोधून काढलं ते त्यांनी सांगितलं. कौतुकाचे शब्द चहूकडून आले. बाबा मात्र आचलकडे बघत होते.

"तू आईले इसरली नाहीस, बाई," ते म्हणाले. "तुह्या जिभेनंच तिले ओळखलं."

आचलने फोडीचे दोन तुकडे केले आणि एक श्यामच्या पानात टाकला. श्याम त्याच्याकडे बघत बसला.

"ठेवून द्यायची का ताई?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," आचल म्हणाली. "खा."