कॉलरच्या आतलं लेबल

धाकट्या भावानं तो शर्ट भिरकावला तेव्हा ताईच्या हातात गरम इस्त्री होती... शर्ट येऊन तिच्या पायाशी पडला.

"जेवणाच्या सुट्टीत एकानं मागून कॉलर उलटून ब्रँड बघितला. अख्खं ऑफिस हसलं मला, ताई. 'लहान मुलींसाठी' लिहिलंय इंग्रजीत त्या लेबलवर. तुला एवढंही वाचता येत नाही?"

नाही येत, हे तिनं सांगितलं नाही. आणि का येत नाही, हे तर मुळीच सांगितलं नाही.

आईवडिलांमागे घर ताईच्या गळ्यात पडलं होतं. ब्रँडेड कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, ट्रायल रूमच्या मागच्या खोलीत बसून ती गिऱ्हाइकांच्या पँटी आखूड करायची, बाह्या उसवून पुन्हा जोडायची. पुढे काउंटरवर उभं राहायचं तर इंग्रजी हवं, म्हणून तिनं संध्याकाळच्या क्लासात नाव घातलं, पहिल्या बाकावरची जागाही पटकावली. तेवढ्यात धाकट्याचं कॉलेज संपलं, आणि मुलाखतीला गेला की त्याची बोबडी वळायला लागली. दोघांची फी झेपणारी नव्हती. "मला मेला कंटाळाच येतो त्या क्लासचा," असं म्हणून तिनं आपली जागा त्याला देऊन टाकली. त्याला ते खरंच वाटलं. शिवणाइतक्याच सफाईनं ती खोटंही बोलायची!

काय दिवस होते ते... सुट्टीच्या दिवशी दोघं मोठमोठ्या दुकानांतून हिंडायची. घ्यायचं काही नसायचंच. थंडगार हवा खायची, कोटांच्या बाह्या चाचपायच्या, आणि विक्रेता "मे आय हेल्प यू?" म्हणत पुढे आला की धूम ठोकायची. मग धाकटा क्लासातून उत्तर शिकून आला, "जस्ट लुकिंग." त्यानंतर ताईचा रुबाब काही विचारू नका. घरी अंगावरच्या शर्टाला बटण लावताना तो चुळबुळ करायचा, तेव्हा ती दटावायची, "हलू नकोस, वाक्य म्हण." सुई वरखाली व्हायची आणि इंग्रजी वाक्यं पाठ व्हायची. तसं सुख त्या घरात पुन्हा आलं नाही.

नोकरी लागली तेव्हा पहिल्या दिवसासाठी तिनं स्वतः शर्ट शिवला. कापड साधंच, शिलाई मात्र दृष्ट लागण्यासारखी. दुकानातल्या चिंध्यांच्या पिशवीत एक लेबल सापडलं, त्यावरचा ब्रँडचा ओळखीचा पक्षी बघून तिनं ते मोठ्या कौतुकानं कॉलरच्या आत लावलं. पक्ष्याखालची बारीक अक्षरं तिच्या लेखी नुसती नक्षी होती.

आणि त्या नक्षीनंच घात केला. दुसऱ्याच दिवशी धाकटा ऑफिसजवळ खोली घेऊन राहायला गेला. शर्टही दिसेना, टाकला असेल कचऱ्यात, असं तिनं मनाशी धरलं. पुढे फोन येत राहिले, भेटी झाल्या, पण सगळ्या उभ्याउभ्या. त्याची बढती, त्याचं लग्न, सगळं तिला पाहुणीसारखं कळत गेलं. अंतःकरणात रुतलेला तो एक प्रश्न मात्र कधी जुना झाला नाही... तुला एवढंही वाचता येत नाही?

वर्षं लोटली. ताईचे केस पिकले, दुकानातली मागची खोली तीच राहिली. आणि एके सकाळी मॅनेजरबाईंनी फर्मान काढलं, सगळ्यांनी इंग्रजीच्या वर्गाला बसायचं, शिकवायला बाहेरून साहेब आलेत. ताईनं काचेतून साहेब पाहिले. धाकटा! ती तडक मागच्या खोलीत येऊन मशीनपाशी बसली. आपल्यामुळे त्याचं पुन्हा हसं नको, एवढंच तिच्या मनात होतं.

थोड्या वेळानं दार वाजलं.

"ताई..."

"तू जा बाबा. सांग त्यांना, शिलाईवालीला बरं नाही. मी तुझी कोण, हे कशाला कळायला हवं कुणाला?"

त्यानं कोट काढला. आत तोच शर्ट... पोटावर ताणलेला, बटणं जीव मुठीत धरून बसलेली.

"टाकला नाहीस?" तिनं विचारलं.

"हात धजला नाही गं. आणि गेल्या महिन्यात क्लासच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, तुझी बहीण किती हुशार होती, तुझ्यासाठी जागा सोडून गेली... आणि मी तुलाच विचारलं होतं, तुला वाचता येत नाही का म्हणून. ताई, शिकवायला हे दुकान मी मुद्दाम मागून घेतलं. मला माफ कर."

ताई उठली. तिनं त्याची कॉलर उलटली आणि सावकाश वाचलं, "लहान मुलींसाठी. सांभाळून धुवा." मग म्हणाली, "येतं आता. इतकी लेबलं हाताखालून गेली, एकेक शिकत गेले."

त्याचा बांध फुटला. हुंदका दाटून आला आणि पोटावरचं बटण टणकन उडालं.

"उभा राहा सरळ," ताईनं डोळे पुसत सुई ओवली. "हलू नकोस, वाक्य म्हण."

"मे आय... हेल्प यू," तो रडत रडत म्हणाला.

तिनं दातानं दोरा तोडला. "झालं. जा आता, वर्ग खोळंबलाय."

"तूही चल. पहिल्या बाकावरची जागा मोकळी ठेवलीय, कुणाला बसू दिलं नाही. तुझीच होती ती."

"बरं, कोट तरी घाल. लेबल दिसेल कुणाला."

"दिसू दे," तो म्हणाला. कोट मशीनवर तसाच टाकून साहेब बहिणीचा हात धरून वर्गात शिरले.