बारा वाजताची नावं

जर्दाळूच्या कोलाच्यांचं, म्हणजे सारण भरलेल्या गोड पावांचं, गरम ताट एका हातात आणि रेडिओ केंद्राची किल्ली दुसऱ्या हातात घेऊन आर्डिथ नोवोटनी साडेअकराला घरातून निघाली. नेब्रास्कातलं जानेवारीचं ऊन नुसतं बघण्यापुरतं असतं. पण आज तिला थंडी जाणवतच नव्हती. पाच महिने मुकं पडलेलं डोबरी गावाचं केंद्र विद्यापीठाच्या रेडिओने विकत घेतलं होतं, आणि बरोबर बाराला ते पुन्हा बोलू लागणार होतं. जुन्या मालकाला तिथे गोदाम करायचं होतं. गावाने सह्या गोळा केल्या, विद्यापीठाच्या दारात ठाण मांडलं आणि त्याची चांगली जिरवली. त्यात आर्डिथ सर्वांत पुढे.

एकच गोष्ट तिला सलत होती. रोज बाराला एल्डन टिमर्मन गावात कोण वारलं, दफन कधी, चर्चमध्ये जेवण आहे की नाही, ते वाचून दाखवायचा. सलग एकेचाळीस वर्षं. नावं तो पेन्सिलने दाबून, एका ओळीत एक, लिहायचा, कागद पालथा घालायचा आणि वर कॉफीचा मग ठेवायचा. बाराच्या आत तो कागद कुणी उलटायचा नाही, हा त्याचा कडक नियम. केंद्राला कुलूप लागलं त्याच आठवड्यात तो गेला. गावभरच्या मेलेल्यांची नावं वाचणाऱ्याचं स्वतःचं नाव वाचायला कुणी उरलंच नाही.

केंद्रावर विद्यापीठाचा कीथ बर्गस्ट्रॉम नवं वेळापत्रक भिंतीला चिकटवत होता. बाराच्या चौकटीत लिहिलं होतं : राजधानीतून बातम्या.

"आणि आमची नावं?" आर्डिथने विचारलं.

"वेबसाइटवर टाकू की, आर्डिथबाई. कुणालाही कधीही बघता येतील."

"गिरणीवरच्या ग्लेनच्या आईला स्वतःचा फोन उचलता येत नाही, ती वेबसाइट बघणार! चार बुकं शिकलात म्हणून आम्हाला शिकवू नका."

कीथ हसला, ताटातला एक कोलाचा उचलला आणि बाराच्या ठोक्याला त्याने बटण दाबलं. केंद्राचं नाव घुमलं. आर्डिथचे डोळे भरून आले. बातम्यांचं पहिलं वाक्य सुरू झालं... आणि मध्येच तुटलं.

मग भिंतीवरच्या स्पीकरमधून खुर्ची करकरल्याचा आवाज आला. कागद सळसळला. कुणीतरी दोनदा घसा साफ केला.

काचेपलीकडचा स्टुडिओ रिकामा होता. पण दाराच्या फटीतून, एल्डन नेहमी चघळायचा त्या खोकल्याच्या पुदिना गोळीचा वास येत होता.

"राजधानीचा आवाज इथपर्यंत येतोय..." कीथ तारा चाचपत पुटपुटला. "मग हे काय जातंय बाहेर?"

फोन वाजला. धान्याच्या गिरणीवरचा ग्लेन होता. "आर्डिथ... एल्डनच आहे ना गं तो? घसा साफ करून असा गप्प का बसलाय?"

आर्डिथने काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. आणि मग तिला कळलं. तो थांबला होता. आजच्या कागदावर त्याचंच नाव होतं, आणि स्वतःचं नाव स्वतः वाचायची रीत नसते.

तिने पर्समधून एल्डनच्या निधनाच्या बातमीचं कात्रण काढलं. पाच महिने ते तिथेच होतं. ती स्टुडिओत गेली; खुर्चीत मात्र बसली नाही, बाजूला उभी राहिली.

"एल्डन टिमर्मन..." ती कात्रणातून वाचू लागली. "वय बहात्तर. राहणार डोबरी. दफन झालं तेव्हा आपलं केंद्र बंद होतं. एल्डन, आम्हाला माफ कर. आता ते सुरू झालंय."

तिच्या कानाशी कुणीतरी सावकाश श्वास सोडला. लगेच बातम्यांचा आवाज खणखणीत उसळला.

बाहेर रस्त्यावर कुणीतरी ट्रकचा भोंगा वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. गिरणीची शिटी झाली, चर्चची घंटा खणाणू लागली. ग्लेन फोनवर लहान मुलासारखा ओरडत होता.

कीथचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने वेळापत्रक भिंतीवरून ओढून काढलं आणि बाराच्या चौकटीवर काट मारली. "रोजची दहा मिनिटं तुमची. कायमची. हे घ्या, सही केली."

"जिंकलो रे, एल्डन!" आर्डिथ मोठ्याने म्हणाली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

साडेबाराला दफनगृहातून फोन आला. उद्यासाठी एकच नाव होतं : हृस्का आजी, वय ९४. ते लिहून घ्यायला आर्डिथ कोरा कागद घेऊन स्टुडिओत गेली.

टेबलावर आधीच एक कागद पालथा पडला होता. वर कॉफीचा मग होता. तिने त्याला बोट लावलं. तो गरम होता. पेन्सिल इतकी दाबून चालवलेली होती की मागच्या बाजूने ओळी उठून दिसत होत्या. ओळी दोन होत्या.

काचेपलीकडे कीथ तिसरा कोलाचा खात तिच्याकडे बघून हसत होता. आर्डिथने कागदाकडे गेलेला हात मागे घेतला. नियम तो नियम. उद्याचे बारा वाजायला अजून साडेतेवीस तास होते.