चार नंबरची बरणी

शनिवारची रात्र, सव्वाअकरा वाजून गेलेले. ईस्ट कोस्टच्या समुद्राकाठच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या उघड्या खाऊबाजारात बसून रुचिर फोनवरची यादी वाचून दाखवत होता. भूमध्य समुद्रातलं एक बेट, सहा दिवस, अकरा पुळणी. प्रत्येकीला दीड तास. त्याची बायको गार्गी उसाचा रस पीत ऐकत होती. समोर शामकांतकाका होते. तीस वर्षं बोटीवर काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, आता याच शहरात, हौगांगला, लेकीकडे राहणारे.

"दीड तासात काय करणार रे? वाळूची हजेरी घेणार?"

"काका, नाहीतर सगळं कव्हर होत नाही."

"कव्हर," शामकांत म्हणाले, आणि तोंडातला खडा थुंकावा तसा तो शब्द टाकला. "तुझ्याच पठडीतला एक जण माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचं ऐक. बाराच्या आत संपवतो. बारानंतर मला काम असतं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली.

मनोहर हा शामकांतांच्या बोटीवर थर्ड इंजिनिअर. इंजिनरूममध्ये त्याची पाळी, म्हणजे वॉच, रात्री बारा ते चार. बोटीवरचा कायदा साधा: रिलीव्हर, म्हणजे बदलीचा माणूस, खाली उतरल्याशिवाय वॉच सोडायची नाही. ताप येवो नाहीतर आग लागो. जागं राहायला मनोहर नळ्यांवर पाना वाजवायचा. टक्. टक्. टक्. एकदा बोट बिघडून रुचिरच्या यादीतल्या त्याच बेटाशी बावीस दिवस अडकली. गावाखाली, दोनशे बारा पायऱ्या उतरून, खडकांच्या कुशीत एक चिमुकली पुळण होती. मनोहर रोज संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा. मी गेलो की माझी मूठभर रक्षा तिथे सोड, पायऱ्या उतरून सोड, असं तो मुलाला वर्षानुवर्षं सांगत आला. त्या भल्या माणसाने आयुष्यात मुलाकडे मागितलं ते एवढंच.

मुलगा म्हणजे प्रबोध. आयटीतला मॅनेजर, इथेच ईस्ट कोस्टला बाराव्या मजल्यावर कॉन्डो. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. बाप गेल्यावर सहा महिन्यांनी बायकोने, मेधाने, पाठी लागून त्याला त्या बेटावर नेलं. गेलोच आहोत तर म्हणून या पठ्ठ्याने पाच दिवसांत नऊ पुळणी उरकल्या आणि प्रत्येकीला दहापैकी गुण दिले. इथे वाळू भरड, तिथे पार्किंग नाही. वाळू उचलू नका अशी पाटी असतानाही प्रत्येक ठिकाणची वाळू मसाल्याच्या बरणीत भरली, वर चिठ्ठी डकवली. बापाची रक्षाही तसल्याच, पण बिनचिठ्ठीच्या बरणीत होती. स्टीलचा डबा विमानतळावर उघडायला लावतील म्हणून.

चौथ्या बरणीची चिठ्ठी ओलीने सुटून पडली. आता बिनचिठ्ठीच्या बरण्या झाल्या दोन. दोन्हींत राखाडी, भरड काहीतरी. शेवटच्या दिवशी बापाची पुळण आली तेव्हा संध्याकाळचं विमान होतं आणि ऊन रणरणत होतं. मेधा म्हणाली, "अहो, खाली उतरून सोडा, बाबांनी तसंच सांगितलं होतं."

"पाणी तेच आहे गं. वरून काय आणि खालून काय."

कठड्यावरून त्याने हाताला आली ती बरणी उपडी केली, एक नमस्कार ठोकला, फोटो काढला. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, दुसरं काय करणार? उरलेल्या बरणीवर घरी येऊन त्याने चिठ्ठी लावली. नंबर चार. गुण चार.

गेल्या वर्षी, चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. मेधा पुण्याला माहेरी गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला दूध नव्हतं म्हणून प्रबोध रात्री खालच्या दुकानात गेला. वर आला तेव्हा पावणेबारा झाले होते. दूध फ्रिजमध्ये ठेवलं, दिवे मालवले, आडवा झाला.

बाराला आवाज आला.

टक्. टक्. टक्.

एसीचा असेल म्हणून त्याने एसी बंद केला. आवाज चालूच. हॉलमधून, बरण्यांच्या फळीकडून. काचेवर लोखंड वाजावं तसा. चारच्या ठोक्याला थांबला.

दुसऱ्या रात्री बारा ते चार, पुन्हा. आणि घरभर वास... डिझेलचा. प्रबोधने सकाळी सोसायटीला तक्रारीचा ईमेल पाठवला. हे त्याचं शौर्य.

तिसऱ्या रात्री आवाज आला नाही. साडेबाराला तो स्वतःच हॉलमध्ये गेला. दिवा लावला. आठ बरण्यांच्या चिठ्ठ्या भिंतीकडे फिरलेल्या. एकच त्याच्याकडे तोंड करून.

चार.

त्याने झाकण उघडलं. बोट घातलं. बोटाला काहीतरी टोचलं. बाहेर काढलं... इवलासा स्क्रू. बापाच्या मनगटात डॉक्टरांनी बसवलेला.

कठड्यावरून सोडली होती ती नुसती वाळू, हे प्रबोधला तेव्हा कळलं.

पण खोड जाते कुठे? बापाला घेऊन पुन्हा बेटावर जायचं, तर रजा नाही. समुद्र तो समुद्र. दोन वाजता तो इथेच, समोरच्या या वाळूत आला. ही वाळूसुद्धा बोटीतून आणून पसरलेली. चपला न काढता त्याने बरणी ओतली. स्क्रूसकट. रिकामी बरणी कचऱ्याच्या डब्यात टाकली. घरी आला. दार उघडलं.

फळीवर नऊ बरण्या.

चौथी भरलेली. बाहेरून ओली. चिठ्ठीवर त्याचे गुण खोडलेले, आणि खाली पेन्सिलीने, लॉगबुकात लिहितात तशी इंग्रजी कॅपिटल अक्षरं. नो रिलीफ. बदलीचा माणूस आलेला नाही.

शामकांतांनी पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. रस्त्यापलीकडे सायकलवरून कोणीतरी गेलं.

"पहाटे त्याने मला फोन केला. काका, ही घेऊन जा, कुठेही टाका, म्हणाला. बापाला कुठेही टाका." त्यांनी पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. "तेव्हापासून माझ्याकडे आहे. बारा ते चार मी बसतो त्याच्यासोबत. पण मी पडलो चीफ. चीफ वॉच घेत नाही, त्यामुळे माझ्या बसण्याने त्याची सुटका होत नाही. आणि या गुडघ्यांनी दोनशे बारा पायऱ्या होणार नाहीत."

"काका, कुरिअर करता येईल ना," रुचिर म्हणाला. "तिथलं हॉटेल वगैरे..."

शामकांतांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गार्गीने ग्लास बाजूला सारला. "चढायला किती वेळ लागतो, काका?"

"उतरायचं बघ, बाई. चढणं तुझं तू बघशील."

"दहा पुळणी रद्द कर," ती रुचिरला म्हणाली. "मी उतरेन."

तिने बरणी उचलली. बाहेरून ओली होती. फोनवर बारा वाजले. तिघांनीही कान दिले... काहीच वाजलं नाही.

शामकांतांनी डोळे पुसले. गार्गीने बरणी दिव्याकडे फिरवली. चिठ्ठीवर ‘नो रिलीफ’च्या खाली आणखी एक ओळ होती, पेन्सिलीची, कॅपिटल अक्षरांत. रिलीव्ड बाय, म्हणजे पाळी घेणारा. पुढे तिचं नाव होतं, आणि वेळ: शून्य शून्य शून्य शून्य.