नळीखालचा डाग

"दार लावू नका हो, जीव गुदमरतो," ताई म्हणाली. तरी सुपरवायझरने आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

केबिनला खिडकी नव्हती. ताईच्या मनगटावर, अंगातली स्थिर वीज उतरवायला कामाच्या बाकावर बांधतात तो अर्थिंगचा पट्टा तसाच लोंबत होता, काढायचंही तिला सुचलं नव्हतं. केबलला डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, हे तिचं काम. रुग्णालयातलं श्वासाचं यंत्र बंद पडलं, एक आजोबा थोडक्यात वाचले, आणि त्यातल्या बिघडलेल्या केबलवर ताईचा क्रमांक निघाला. समोरच्या राजीनाम्यावर, चूक कबूल करून, सही केली की तिला दुसरीकडे कोण उभं करणार?

ताईच्या भावाने खासगी गुप्तहेर बोलावली होती, तीही केबिनमध्ये होती. तिला सगळे आत्या म्हणत. सोबत टक्कल पडलेला वकील भाचा.

"क्रमांक हिचा, चूक हिची. संपलं!" भाचा कुजबुजला.

"गप रे शहाण्या. ताई, जोड करतेस कसा?"

"आधी तारेत काळी नळी ओवायची. मग डाग. मग नळी त्यावर सरकवून गरम हवेनं आवळायची. नंतर कापल्याशिवाय आतलं दिसत नाही."

"ही केबल तुझीच?"

"शेवटच्या तीन-चार राहिल्या होत्या. आई पडली म्हणून फोन आला. साहेब म्हणाले, जा, मी बघतो."

"साफ खोटं! सगळ्या संपवून गेली," सुपरवायझर म्हणाला.

आत्या कोपऱ्यातल्या चाचणीवाल्याकडे वळली.

"तेव्हा मीटरवर पास होती," तो म्हणाला. "परत आली तेव्हा आत जोड तुटलेला. आत काय झालंय, देव जाणे."

"देव कशाला? राखाडी, मळकट डाग!" सुपरवायझर कडाडला. "नीट तापायच्या आधीच हात उचललाय. नवशिक्याचं काम!"

आत्याने केबल भाच्याला दिली. "काय दिसतं?"

"काळी नळी. कुठे चीरसुद्धा नाही."

"आणि डाग?"

"तो कसा दिसेल, नळी..." भाच्याने मान वर करून सुपरवायझरकडे पाहिलं.

आत्याने नळी कापली. आतला डाग राखाडी, मळकट होता.

"मीटरला रंग कळत नाही, साहेब. नळी आवळण्याआधी ज्याने पाहिला, त्यालाच तो ठाऊक."

"मी... तपासताना पाहिला असेल."

"आणि तसाच रुग्णालयात पाठवलात? ताई आईकडे गेली, तुम्ही स्वतः बसलात. जमलं नाही, तेव्हा वर नळी ओढलीत आणि हिचा क्रमांक चिकटवलात."

सुपरवायझर मटकन खुर्चीत बसला. "गाडी दारात उभी होती हो! माल गेला नसता तर मला घरी बसवलं असतं."

"म्हणून स्वतःचा डाग हिच्या कपाळी?" आत्याने राजीनामा त्याच्यापुढे सरकवला. "नाव बदला. सही करा."

ताईने पट्टा ओरबाडून काढला. तिला रडू आवरेना.

"सही राहू दे, आत्या," ती म्हणाली. "आधी दार उघडायला सांगा."